कोड्यातला पाट

गेल्या अंकातल्या शब्दकोड्यात आडव्या १४ ला संकेत होता : ‘घरात बसायचा, शेतात वाहायचा (२)’. उत्तर पाट. या दोन घरांच्या शब्दावर इतकी वेगवेगळी पत्रे आली की या वेळचे सदर मी त्यालाच देते आहे.

कोडे रचताना लांब शब्दांची मला काळजी वाटत नाही. ‘महाबळेश्वर’ला कसाही संकेत द्या, सहा घरांपैकी तीन भरली की तो आपोआप उभा राहतो. दोन घरांच्या शब्दाला संकेताशिवाय दुसरा आधार नसतो. पहिले अक्षर कळले तरी पाट, पान, पाय, पात, पार, पाक, पाल, पाश अशी रांग उभी राहते. म्हणून छोट्या शब्दाचा संकेत असा हवा की तो शब्द रोज वापरणाऱ्या माणसाने वाचताच मान डोलवावी. कोशातला अर्थ उतरवून काढला की संकेत झाला, असे मी मानत नाही.

प्रश्न : आम्ही दोघांनी एकमताने ‘पाठ’ भरले. पाठ घरात बसूनच करायचा असतो आणि शेतात ओझे पाठीवरूनच वाहतात. पण उभा शब्द ‘ठ’वर येऊन अडला. आमचे उत्तर चुकीचे कसे? आणि पाट शब्दाचे मूळ काय? (चिपळूण, निवृत्त शिक्षक)

सर, ओझ्याचा धागा तुम्ही छान पकडलात. पण संकेत म्हणतो ‘बसायचा’ आणि ‘वाहायचा’. दोन्ही पुल्लिंगी. ओझे वाहते ती पाठ, आणि शाळेत घेतात तो पाठ. एकाच उत्तरात अर्धा ‘तो’ आणि अर्धी ‘ती’ बसत नाही. पाट मात्र बसायचा असो की पाण्याचा, दोन्हीकडे तोच.

मराठी कोडे सोडवताना लिंगाकडे आधी बघावे, असे मी सगळ्यांना सांगते. ही आपल्या भाषेने दिलेली मोठी सोय आहे. तो माळ म्हणजे उजाड रान, ती माळ मण्यांची. तो हार गळ्यातला, ती हार हरलेल्याची. संकेतात ‘फिरतो’ आहे की ‘फिरते’, ‘लांब’नंतर ‘असा’ आहे की ‘अशी’, एवढ्यावर अर्धे उत्तर मिळते. कोडे रचणारीने त्या बाबतीत चोख राहायलाच हवे. तुम्हाला अडवणारा उभा शब्द ‘हातात फिरते, सूत देते (३)’ म्हणजे टकळी. ‘ठ’ने सुरू होणारी अशी वस्तू नाही, तेव्हा ठ खोडायला हवा हे तिथेच कळते.

मूळ संस्कृत पट्ट. प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटे झाले आणि आधीचा स्वर लांबला. हस्ताचा हत्थ होऊन हात झाला, सप्तचे सत्त होऊन सात झाले, तसाच पट्टाचा पाट. पट्टराणी, राजपाट, पट्टी, पाटी ही सगळी त्याच घरातली माणसे.

प्रश्न : मी पुण्यात वाढलो. पाट म्हणजे आजीच्या घरी जेवायला बसायची लाकडी फळी, एवढेच मला ठाऊक. शेतात वाहणारा पाट म्हणजे कालवा का? तसे असेल तर सरळ कालवा म्हणायचे. (पुणे, अभियंता)

कालवा नव्हे. आणि तुम्ही विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण हा अर्थ माझ्या अंगणातला आहे.

गुहागरला घराच्या मागे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, सुरू होते आणि ते थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत जाते. खाली पोफळी, मध्ये नारळ, कडेला केळी, जायफळाची एखाददुसरी झाडे. पावसाळा सोडला तर या सगळ्याला पाणी लागते, आणि माझ्या लहानपणी ते विहिरीवरच्या रहाटाने काढत. उभे लाकडी चाक, त्यावर दोरांची लांब माळ, माळेला बांधलेले मातीचे लोटे. आडव्या दांड्याला जुंपलेला रेडा गोल फिरायचा. लोटे तळाशी भरून वर येत, पन्हळीत ओतत, पन्हळीतले पाणी दगडी डोणीत पडे, आणि डोणीच्या तोंडाशी पाट सुरू होई. रहाटाची करकर आमच्या आळीत पहाटेपासून चाले. ती थांबली की आई म्हणायची, ‘लोटा फुटला वाटतं.’

पाट म्हणजे हातभर रुंद आणि वीतभर खोल चर. कडांना माती थापून बसवलेली. आमची जमीन रेताड, ती वाटेतच पाणी पिऊन टाकते, म्हणून पाटाचा तळ शेणमातीने लिंपत. उतार इतका थोडा ठेवायचा की रिकाम्या पाटाकडे बघून पाणी कुठल्या बाजूला जाणार हे नवख्याला सांगता येऊ नये. जास्त उतार दिला तर पाणी कडा खाते, कमी दिला तर शेवटच्या माडापर्यंत पोचत नाही. माझे वडील नवीन पाट काढताना कोणतेही मोजमाप वापरत नसत. आधी एक घागर ओतायची, पाणी कुठे थबकते ते बघायचे, तिथली माती बोटांनी काढायची, पुन्हा घागर.

पाटाला झाडांच्या ओळीओळीने फाटे फुटतात, त्यांना दांड म्हणतात. दांडाच्या तोंडाशी खोऱ्याने माती ओढली की इकडचे पाणी बंद, पुढचे चालू. एका माडाचे आळे भरेपर्यंत माणूस तिथे उभा राहतो, मग मातीचा तो छोटा बांध पायानेच फोडतो. या सगळ्या कामाला आमच्याकडे शिंपणे म्हणतात. घाटावर यालाच दारे धरणे म्हणतात. आता आमच्या विहिरीवर पंप आहे आणि बऱ्याच आगरांत ठिबकच्या नळ्या आल्या आहेत. पण जायफळीच्या बाजूचा आमचा जुना पाट मी बुजू दिलेला नाही, उन्हाळ्यात त्यातूनच पाणी सोडते.

तळकोकणात पाटाचे रूप थोडे वेगळे. पाऊस सरला की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगड, माती आणि पालापाचोळा घालून हंगामी बंधारा बांधायचा, अडवलेले पाणी पाटाने वळवायचे आणि भाताचे दुसरे पीक घ्यायचे. ती वायंगणी शेती. तिथे पाट एकाचा नसतो. पाळ्या ठरलेल्या असतात, आणि पाळी चुकवून कोणी रात्री पाणी वळवून नेले तर सकाळी मोठे भांडण होते. पाट बुजला तर सगळ्यांनी मिळून उपसायचा.

कालवा म्हटले की सरकार आले, धरण आले, सिमेंटची भिंत आली. पाट शेतकऱ्याच्या खोऱ्याचा. जुन्या महसुली कागदांत बागायतीची वाटणीच पाटस्थळ आणि मोटस्थळ अशी असे : पाटाच्या पाण्यावर पिकणारी जमीन पाटस्थळ, विहिरीच्या मोटेवर पिकणारी मोटस्थळ. आणि तुम्ही अभियंता आहात म्हणून सांगते, ज्या सरकारी खात्याला आता जलसंपदा विभाग म्हणतात त्याचे पूर्वीचे नाव पाटबंधारे खाते. तो पाट हाच. घामाचे पाट, आसवांचे पाट, रक्ताचे पाट यांतलाही हाच. थेंब थेंब गळते त्याला पाट म्हणत नाहीत. खंड न पडता वाहते तेव्हाच तो शब्द खरा.

प्रश्न : गुहागरला आलो तेव्हा वरचापाट आणि खालचापाट अशी नावे ऐकली. तो कोणता पाट? (दापोली)

ती आमच्या वस्तीच्या भागांची नावे. गाव समुद्राला समांतर अशा एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरले आहे, त्याचे हे भाग. कोणी भेटले की आम्ही विचारतो, ‘वरच्या पाटातले की खालच्या?’ कोड्यात मात्र हा अर्थ मी वापरत नाही, कारण गुहागर न पाहिलेल्या वाचकाने तो का ओळखावा? गावांची नावे चालतील, पण तालुका सांगून. शृंगारतळीजवळचे पाटपन्हाळे आमच्याच तालुक्यात. आणि कुडाळ तालुक्यात तर नुसते पाट नावाचे गाव आहे, तिथले तळे मोठे आहे.

प्रश्न : बाई, आमच्या आज्येची पाट दुकता. तुमच्या कोड्यातलो पाट तिका म्हायत आसा, पण ती म्हणता, पयली ही पाट, मगे तो पाट. ह्येचा काय? (वेंगुर्ले)

आजीला माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात ते मालवणीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. मालवणीत शब्दाच्या मधल्या आणि शेवटच्या अक्षरातला ‘ह’चा उच्चार गळतो. दुखताचे दुकता, गाठीची गाट, तशी पाठीची पाट. तरी गोंधळ होत नाही, कारण त्यांनी स्वतःच वाक्यात उत्तर दिले आहे : ही पाट, तो पाट.

प्रमाण मराठीच्या कोड्यात हा अर्थ देता येणार नाही, पण मालवणी कोडे कोणी करणार असेल तर माझ्याकडून एक संकेत भेट : ‘दुकली तर तेल, मोडली तर खाट (२)’. मालवणी कोडी व्हायला हवीत असे मला फार वाटते. बोलीतले छोटे शब्द फक्त बोलण्यात राहिले तर नातवंडांपर्यंत पोचतीलच असे नाही, आणि मुंबईत वाढलेल्या मुलाला आजीशी बोलायला कोड्यासारखे दुसरे निमित्त शोधून सापडणार नाही.

प्रश्न : दुसऱ्या एका जुन्या कोड्यात ‘विधवेचे लग्न (२)’ असा संकेत होता आणि उत्तर पाट. माझ्या मुलीने अर्थ विचारला. माझ्या पणजीचा पाट लागला होता, हे आमच्या घरात दबक्या आवाजात सांगतात. मला सुचेना काय बोलावे. असा शब्द कोड्यात असावा का? (मंडणगड)

ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. असावा, असे माझे ठाम मत आहे. पण संकेत तसा नसावा.

‘विधवेचे लग्न’ हा संकेत ढोबळ आहे. ज्या जातींमध्ये विधवेला पुन्हा संसार मांडायची मुभा होती, तिथे त्या विधीला पाट लावणे किंवा मोहतूर म्हणत. पहिल्या लग्नाचे सगळे सोपस्कार त्यात नसत. होम नाही, वाजतगाजत वरात नाही, थोडी माणसे आणि बरेचदा रात्रीची वेळ. पण समाजाला तो संसार मान्य असे, मुलेबाळे मान्य असत. मराठेशाहीतल्या करांच्या यादीत लग्नटका येतो तसा पाटदाम नावाचा करही येतो. ज्याच्यावर दरबार कर बसवतो, तो विधी लपूनछपून होत नव्हता हे त्यावरून दिसते. १८५७ साली आलेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीतही पाट या शब्दाखाली बसायची फळी, पाण्याचा मार्ग आणि हा संसार, तिन्ही अर्थ आहेत.

दुसरीकडे ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत विधवेला ही वाटच नव्हती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला तरी घरांची दारे उघडली नाहीत. तुमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या विवाहाबद्दल मुरुडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पुढे भारतरत्न झालेल्या माणसाला त्याच्या गावाने पंक्तीला बसू दिले नाही. त्यांचा पुनर्विवाह विधिपूर्वक झाला होता, त्याला पाट म्हणत नाहीत. म्हणूनच ‘विधवेचे लग्न’ म्हटले की उत्तर पाट असेलच असे नाही आणि पाट म्हटले की सगळ्या विधवांची गोष्ट आली असेही नाही. मी संकेत दिला असता तर असा : ‘होमाविना मांडलेला दुसरा संसार (२)’.

मुलीला काय सांगावे हे तुम्ही विचारले नाहीत, तरी लिहिते. तिला पणजीचे नाव सांगा. नवरा गेल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, त्यांचा पाट लागला आणि त्या संसारातून तुमचे घराणे पुढे आले. दबका आवाज सोडा. सुशिक्षित म्हणवणाऱ्या घरांना जे धाडस जमायला कायदा आणि सुधारक लागले, ते तुमच्या पणजीच्या माणसांत आधीपासून रीत म्हणून होते. त्या रीतीतही बाईचे ऐकले जाई असे नाही, कित्येकींचे पाट त्यांना न विचारता लागले. मुलगी मोठी होईल तसे तेही सांगा. पण शब्द पुसून टाकला तर यातले काहीच सांगता येणार नाही.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या कोड्यातला एक संकेत अजून कळलेला नाही : ‘पावसात शाळेला जातो, भाद्रपदात देवाला घेऊन घरी येतो (२)’. उत्तर पाट दिले होते. पाट शाळेत कसा जाईल? (नागपूर)

हा संकेत कोकणी माणसाने एका दमात सोडवला होता, आणि विदर्भातून प्रश्न येणार हेही मला वाटले होते. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती जिथे घडवतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आषाढ-श्रावणात घरचा पाट धुऊन पुसून त्या शाळेत नेऊन द्यायचा. त्यावर आपल्या घराचे नाव खडूने किंवा रंगाने घालतात, कारण शाळेत एका ओळीत गावातल्या सगळ्या घरांचे पाट मांडलेले असतात. मूर्ती मग त्याच पाटावर उभी राहते. ‘पाट दिलास का?’ हा त्या दिवसांत वाटेत भेटलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न. मुंबईकर चाकरमानी फोनवरसुद्धा आधी हेच विचारतो.

चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी मूर्ती पाटासकट डोक्यावरून घरी येते. विसर्जनाला पाटावरूनच जाते. आणि परत येताना पाट रिकामा आणत नाहीत, नदीची किंवा समुद्राची थोडी वाळू त्यावर आणतात. असे पाट घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालतात, म्हणून ते मजबूत करून घेतात. आमचा फणसाच्या लाकडाचा आहे. फणसाचे लाकूड नवे असते तेव्हा पिवळे दिसते आणि जुने होत जाते तसे तांबूस होते. सावंतवाडीला चितारी रंगीत पाट आणि चौरंग करतात, तेही बघण्यासारखे असतात. पण गणपतीला आमच्याकडे साधाच लागतो.

जेवायच्या पाटाबद्दल कोणीच विचारले नाही, कारण तो सगळ्यांना माहीत आहे असे वाटते. तरी एक शब्द जपून ठेवा : पाटपाणी. पंगत बसण्याआधी पाट मांडणे आणि तांब्या-भांडे भरून ठेवणे, या दोन्ही कामांना मिळून हा एक शब्द. ‘पाटपाणी झालं का गं?’ असे सैपाकघरातून विचारले की समजायचे, भात उतरला. चार घरांचा आहे, कोड्याला सोन्यासारखा.

प्रश्न : मी नववीत आहे. मला शाळेच्या हस्तलिखितासाठी शब्दकोडे तयार करायचे आहे. घरे कशी मोजायची? जोडाक्षराला एक घर की दोन? आणि तुम्ही संकेत कसे सुचवता? (रत्नागिरी)

तुझे पत्र मला सगळ्यांत आवडले. तू आकृतीही काढून पाठवलीस आणि तीत काळी घरे दोन्ही बाजूंनी सारखी ठेवलीस. ती तशीच ठेव.

पहिले शब्दकोडे आर्थर विन नावाच्या माणसाने केले. जन्म लिव्हरपूलचा, नोकरी न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात. २१ डिसेंबर १९१३ ला ते छापून आले. त्याचा आकार तुझ्यासारखा चौकोनी नव्हता, शंकरपाळीसारखा होता. तिथे एका घरात एक रोमन अक्षर. आपल्याकडे एका घरात एक पूर्ण अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकच घर. म्हणून पाटला दोन घरे, पट्टीलाही दोन, स्त्रीला एकच. छेदणाऱ्या शब्दात अक्षर जसेच्या तसे जुळायला हवे. आडव्यात ‘पा’ असेल तर उभ्यातही ‘पा’च, नुसता ‘प’ चालवून घेऊ नकोस. काही जण चालवतात. त्याने सोडवणाऱ्याचा विश्वास जातो. हीच अट अवघड असते, आणि त्यामुळेच मराठी कोड्यात दोन घरांचे शब्द खूप लागतात. लांब शब्दांमधल्या फटी तेच भरतात.

संकेत सुचवायला मी शब्द हातात घेऊन बसत नाही, तो वापरणाऱ्या माणसाकडे जाते. पाट सुताराला काय, आगरातल्या माणसाला काय, गणपती घडवणाऱ्याला काय? तुला जमेल तेवढे विचारून घे. मग एक कसोटी लाव : तुझ्या संकेताला दुसरा कुठला दोन घरांचा शब्द बसतो का? ‘लाकडी वस्तू (२)’ दिलेस तर पाट, फळी, खाट, दार, पेटी, काठी, सगळेच बसतात. असा संकेत कागद वाया घालवतो. ‘पंगतीत मांडतात, पंगत उठली की भिंतीला टेकवतात (२)’ दिलेस तर खाट आणि दार आपोआप बाहेर पडतात.

दुसरी पद्धत अक्षरांशी खेळायची. पाट हा त्यासाठी गुणी शब्द आहे. कपाटातला पहिला ‘क’ काढ, पाट उरतो. सपाटातला ‘स’ काढ, तरी पाटच. तेव्हा असे संकेत होतात : ‘कपाटाचे पहिले दार निखळले, बसायला मिळाले (२)’. शेवटी अक्षर लावले तरी नवे शब्द निघतात : ‘पाटाला बाणाचे टोक, सातारा जिल्ह्यातला तालुका (३)’. पाट आणि ‘बाण’चा शेवटचा ‘ण’, झाले पाटण. अशा संकेतात दोन भाग असतात, एक सरळ अर्थाचा आणि एक जोडणीचा. दोन्ही पूर्ण खरे असले पाहिजेत. एक जरी ओढूनताणून आणलास तरी सोडवणारा चिडतो, आणि त्याचे चिडणे बरोबर असते.

हस्तलिखितासाठी दहा बाय दहापेक्षा मोठी आकृती घेऊ नकोस. चारही कोपऱ्यांत आधी लांब शब्द लाव, मधल्या जागा नंतर भर. भरून झाल्यावर संकेत न दाखवता आकृती घरातल्या कोणाला तरी दे आणि विचार, यातला कोणता शब्द तुम्ही कधीच ऐकला नाही? तो काढून टाक. मग संकेत लिहून दुसऱ्याला सोडवायला दे आणि तो कुठे थांबतो ते शेजारी बसून बघ, पण बोलू नकोस.

तुला सरावासाठी एक देते. उत्तर पोस्टकार्डावर कळव, आणि त्याच शब्दाचा तुझा स्वतःचा संकेतही लिही : ‘मोकाट वळू आधी, बसायचे आसन मागे, दोघे मिळून पिठाने माखतात (४)’.